डोंगरात कानाने आलेली इंग्रजी

जव्हार-मोखाड्याच्या बाजूला इंग्रजीचा विषय निघाला की दोन गोष्टी एकदम नजरेस येतात, आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. दहावी पास झालेला मुलगा इंग्रजीच्या पेपरात बरे मार्क मिळवतो, धडा वाचून दाखवतो, अर्ज कसा लिहायचा ते त्याला पाठ असते; पण समोर कोणी उभे राहून चार वाक्ये भरभर इंग्रजीत बोलले, तर तो गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहतो. उलट त्याची आजी घ्या. तिला अक्षरओळख नाही, कागदावर अंगठा. पण दिवसभरात बोलता बोलता ती जॉब कार्ड, मस्टर, लाईट, टाईम, लेट, रेफर, रेंज असे पंचवीस-तीस शब्द वापरते, आणि प्रत्येक शब्द जिथे हवा तिथेच ठेवते. मस्टर म्हणजे काय हे तिला कोणी शिकवले नाही. मस्टरवर नाव नसले तर मजुरी बुडते, एवढे तिने पाहिले. तेवढ्यात तिचा धडा झाला.

आजीची इंग्रजी कानाने आली, नातवाची डोळ्यांनी. या दोन वाटा एकाच घरात अशा वेगळ्या कशा पडल्या, त्याची हकिकत सांगायची आहे. ती गुरुजींच्या कामाची आहे, आणि ज्यांची मुले शिकताहेत त्यांच्याही कामाची आहे.

आधी मुलूख डोळ्यांसमोर आणू. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. महादेव कोळी राजांचे हे राज्य चौदाव्या शतकात उभे राहिले आणि १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा विस्तार सुमारे ३१० चौरस मैल होता. मोखाडा मात्र संस्थानात नव्हता. तो ब्रिटिश मुलूख, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा निराळा निघाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. वस्ती वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची. घरोघरची बोली निराळी. पुस्तकातली मराठीसुद्धा तिथल्या पोराला पहिल्या दिवशी अर्धीमुर्धीच ओळखीची असते. म्हणजे हिशेबाने इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा, आणि गुरुजी सहसा ती दुसरी समजून शिकवतात.

गोरा साहेब या भागात घर करून राहिला नाही. ठाण्याचा कलेक्टर हाच जव्हार संस्थानाचा पोलिटिकल एजंट असे. त्याची इंग्रजी दरबारापुरती. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. राजवाड्यात इंग्रजी होतीच. पण राजवाड्यातले बोलणे पाड्यावर पोचत नसते, हे काही वेगळे सांगायला नको.

बोलली जाणारी इंग्रजी या डोंगराला खरी भेटली ती रेल्वेच्या अंगाने. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि १८६५ च्या आरंभी थळ घाट चढून ती इगतपुरीला गेली. मोखाड्याचा माणूस खोडाळ्यावरून कसाऱ्याला उतरतो; तिथून घाटाच्या माथ्यावर इगतपुरी. त्या काळी इगतपुरी म्हणजे रेल्वेचा गाव. इंजिनांचे ठाणे, गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची वस्ती, फिटर, गार्ड, त्यांच्या घरी काम करणारी गडीमाणसे. रुळावर खडी टाकायला आणि दरड काढायला डोंगरातली माणसे. तिथे इंग्रजी ही शाळेतली वस्तू नव्हती. ती ओरडून सांगितलेली होती, शिवी घालून सांगितलेली होती, कधी हसत सांगितलेली होती. सिग्नलचा 'सिंगल' झाला, स्टेशनाचे 'ठेसन' झाले, प्लॅटफॉर्मचा 'फलाट' झाला.

दुसरी वाट जंगलाची. १८७८ चा जंगल कायदा झाला, राखीव जंगल ठरले, आणि ज्या झाडाखाली आजा-पणजा बसला त्या झाडाला नंबर पडला. त्या खात्याची सगळी भाषा इंग्रजी. रेंज, रेंजर, गार्ड, पास, परमिट, लॉट, आणि तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा तो 'कूप'. हा कूप शब्द ठाण्याच्या जंगलपट्टीत इतका मुरला आहे की तो विहिरीचा संस्कृत कूप नव्हे, फिरंगी शब्द आहे, हे सांगितले तर म्हातारी माणसे हसतात. परमिट हा शब्द कळला नाही म्हणून कोणाचे अडले नाही. कळला म्हणूनही फार कोणाचे भले झाले नाही. पण कळणे भाग होते. साहेब 'पास' म्हणाला की गाडी सुटते आणि 'रिझर्व्ह' म्हणाला की कोयता हातातून जातो, एवढ्या दोन शब्दांवर घरातली चूल अवलंबून असे.

मौज बघा, रेंज हा शब्द दोनदा आला. आजोबांच्या काळी रेंज म्हणजे रेंजरसाहेबाचा मुलूख. नातवाच्या काळी रेंज म्हणजे मोबाईलची, जी शोधायला टेकडीवर चढावे लागते. शब्द तोच, फक्त एकदा तो साहेब घेऊन आला आणि एकदा मनोरा.

पुढची यादी लांबवत नाही. १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली आणि कंडक्टर, डबल बेल, हाफ तिकीट, 'गाडी फेल झाली' हे बोलणे आले. वैतरणेवर मुंबईसाठी धरणे झाली, १९५७ चे मोडकसागर, १९७३ चे अप्पर वैतरणा, २०१४ चे मध्य वैतरणा. त्यांच्याबरोबर ओव्हरसियर, सुपरवायझर, ओव्हरटाईम. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, मस्टर घराघरांत पोचले. दिवाळीनंतर माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात, तिथून ॲडव्हान्स, साईट, सेंट्रिंग, स्लॅब परत येतात. यातला 'ॲडव्हान्स' हा तर असा शब्द आहे की तो घेताना गोड लागतो आणि फेडताना अख्खा हंगाम जातो.

आता या कानाने घेतलेल्या शब्दांकडे जरा बारकाईने पाहू, कारण सुशिक्षित माणसे त्यांना अशुद्ध म्हणून हसतात. लॉर्ड या शब्दाचा आपल्या लोकांनी 'लाट' केला, लाटसाहेब. त्यात र कुठे गेला? इंग्लंडचा माणूस तो शब्द बोलताना र उच्चारतच नाही. तो 'लॉऽड' असे काहीसे म्हणतो. पुस्तकातून शिकलेला शाळकरी मुलगा खणखणीत र लावून 'लॉर्ड' म्हणतो, आणि त्याला वाटते आपण शुद्ध. वास्तविक कानाने ऐकणारा शिपाई साहेबाच्या जिभेच्या अधिक जवळ होता. रिपोर्टचा 'रपोट' झाला, त्यातही तीच कथा. माचिस हा शब्द 'मॅचेस' या अनेकवचनावरून आला, कारण दुकानात साहेब एक काडी मागत नाही, काड्या मागतो. घासलेट हे गॅसलाइटवरून. पलटणीतला पहारेकरी रात्री आडवा येणाऱ्याला 'हुकुमदार' म्हणून आव्हान देई. ते मूळचे 'हू कम्स देअर', कोण आहे तिकडे. तीन शब्द होते, पण गोरा सार्जंट ते तीन शब्द म्हणून बोलतच नव्हता, तो एका दमात बोले. शिपायाने जे कानावर पडले ते तसेच उचलले, वर त्याला आपल्या हुकुमाचा पेहराव चढवला.

बोलण्यातली इंग्रजी अशीच असते. ती शब्दाशब्दाने येत नाही, घोसाने येते. पुस्तकात 'आय ॲम गोइंग टु' असे चार ऐटबाज शब्द आहेत. बोलणारा 'आय्म गोना' म्हणून मोकळा होतो. 'व्हॉट डू यू वॉन्ट' हे 'वॉड्यू वॉन्ट' असे ऐकू येते. आपला मुलगा त्यात 'डू' शोधत बसतो, तोवर पुढचे वाक्य निघून जाते. यात इंग्रजांनी काही जगावेगळे केले असे समजू नका. आपण 'आला आहे' लिहितो आणि 'आलाय' बोलतो, 'कुठे चालला आहेस' लिहितो आणि 'कुठं चाललास' विचारतो. 'आलाय' ज्याला कळते त्याला 'आय्म' कळायला हरकत नाही. फक्त ते त्याच्या कानावर पडले पाहिजे, आणि आपल्या शाळांतून ते पडले नाही. का पडले नाही, तर तिथे आपल्याला मुंबई-पुण्याकडे जरा मागे वळून बघावे लागते.

मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारी मराठी. दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या, ही रीत तेव्हापासून आपल्या डोळ्यांत बसली. १८४० नंतरच्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे, वरचे शिक्षण इंग्रजीतून द्या. जगन्नाथ शंकरशेट यांचे म्हणणे, विद्या लोकांत जायची तर ती लोकांच्या भाषेतून गेली पाहिजे. हा वाद आजही संपलेला नाही, फक्त माणसे बदलली. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या लक्षात आली नाही असे मला वाटते. इंग्रजी असावी की नसावी यावर ते भांडले. इंग्रजी तोंडाने शिकवायची की कागदाने, यावर कोणी भांडले नाही. कागद हा गृहीतच होता.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ झाले आणि परीक्षा लेखी झाल्या. जे परीक्षेत विचारतात तेच वर्गात शिकवतात, हा नियम तेव्हाही होता. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी गेली. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या, आणि चांगल्या शिकल्या. कारकून झाले, वकील झाले, मामलेदार झाले. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे, व्याकरणाने तपासायचे. या पाठमालेची थट्टा करण्याची अलीकडे पद्धत पडली आहे, ती मला पसंत नाही. ज्या माणसाला आयुष्यात इंग्रजी बोलणारा भेटण्याचा संभव नव्हता, पण इंग्रजी कागद रोज हातात येणार होता, त्याला तिने नेमके हवे ते दिले. १९२० नंतरच्या दशकात ढाक्याला मायकेल वेस्ट नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने तर उघडच म्हटले, की इथल्या मुलाला आधी वाचता आले पाहिजे, बोलणे मागाहून. हिशेब चुकीचा नव्हता. काळ बदलला आणि हिशेब तोच राहिला, दुखणे एवढेच.

कोणी प्रयत्न केला नाही असेही नाही. पी. सी. रेन हे नाव मास्तरमंडळींना चांगले माहीत आहे. रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण कोणाच्या फळीवर नसेल? हाच रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता, आणि १९११ साली त्याने पुस्तक लिहिले ते व्याकरणाचे नव्हे, तर हिंदुस्थानातल्या शाळांत इंग्रजी थेट इंग्रजीतून, बोलून, वस्तू दाखवून कसे शिकवावे याचे. मधे मराठी आणायची नाही, भाषांतर नाही. दार उघडायचे आणि 'आय ओपन द डोअर' म्हणायचे. ते पुस्तक लोक विसरले, आणि पंचवीस वर्षांनंतरचे व्याकरण घरोघर राहिले. थेट पद्धत का टिकली नाही? कारण ती चालवायला मास्तर बोलता पाहिजे. ज्याने स्वतः इंग्रजी डोळ्यांनी घेतली त्याने ती तोंडाने द्यायची कशी?

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतली इंग्रजी काढली आणि ती आठवीपासून ठेवली. खेर हे ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींच्या शिक्षणासाठी झटलेले, आदिवासी सेवा मंडळाचे काम करणारे गृहस्थ. मुलाचा पाया त्याच्या भाषेत व्हावा ही त्यांची तळमळ खरी होती. पण आठवीपर्यंत पोचणारी मुलेच डोंगरात किती थोडी, त्यांना इंग्रजीचा गंधही न लागता शाळा सुटे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीत आली. १९५८ मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली, वाक्याचे सांचे तोंडी घोकून घेण्याची पद्धत आली. आणि २००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सक्तीची झाली. तेव्हा मोठा गदारोळ झाला. पण मोखाड्याच्या पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत त्या निर्णयाचा अर्थ असा झाला, की ज्या गुरुजींना इंग्रजी बोलायचा प्रसंग जन्मात आला नव्हता, त्यांनी पुढच्या सोमवारपासून सहा वर्षांच्या पोरांशी इंग्रजी बोलायचे.

कानाने शिकलेली इंग्रजी म्हणजे फक्त हमालाची आणि बुटलराची, असा एक समज आहे. तो खोटा आहे हे दाखवायला पंडिता रमाबाईंचे एक उदाहरण पुरे. त्यांचे संस्कृत आईवडिलांच्या तोंडून आलेले. पायी देश हिंडता हिंडता आणखी भाषा कानाने आल्या. १८८२ मध्ये पुण्याला हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली ती मराठीत. तिचे इंग्रजी दुसऱ्याने केले. त्या सुमारास पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या बाईंकडे त्यांनी इंग्रजीचे धडे घेतले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावी मठातल्या भगिनींमध्ये राहिल्या, मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. जेवताना, चालताना, काम करताना सगळे इंग्रजी. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेत पोचल्या, आणि पुढची दोन-अडीच वर्षे त्यांनी त्या देशात गावोगाव इंग्रजीत व्याख्याने दिली. १८८२ ची दुभाष्याची साक्ष आणि १८८६ चे व्यासपीठ यांत चार वर्षांचे अंतर. एवढ्या अवधीत आपला मुलगा पाचवीतून नववीत जातो. रमाबाई असामान्य होत्या हे कबूल. पण त्यांच्या कानांवर त्या काळात जेवढी इंग्रजी पडली, तेवढी आपल्या मुलाच्या कानांवर साऱ्या शाळेच्या वर्षांतही पडत नाही, हेही कबूल करायला हवे.

प्रत्येकाला इंग्लंडला पाठवता येत नाही, म्हणून आवाजच घरी आणण्याची युक्ती निघाली. लंडनच्या बी.बी.सी.ने १९४३ मध्ये रेडिओवरून इंग्रजी शिकवायला आरंभ केला. आपल्याकडे मुंबईचे केंद्र १९२७ चे, पुण्याचे १९५३ चे. १९५६ मध्ये पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवून पाहिली. घोळक्याने बसायचे, कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचे. तो प्रयोग शेतीचा होता, भाषेचा नव्हता. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात तो झाला, आपल्याकडे नाही. तरी त्यातून एक गोष्ट ठरली, की खेड्यातला माणूस नुसता ऐकून गप्प बसत नाही, त्याला उत्तर द्यायचे असते. पुढे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने शाळेतल्या मुलांसाठी रेडिओवरचे इंग्रजी पाठ केले, त्यांत हेच धोरण आहे. आवाज प्रश्न विचारतो, थांबतो, मुले वर्गात मोठ्याने उत्तर देतात. गुरुजींनी इंग्रजी बोललीच पाहिजे अशी अट नाही. गुरुजी मुलांबरोबर ऐकतात आणि मुलांबरोबर बोलतात. रेनच्या पद्धतीला जो मास्तर मिळाला नव्हता, तो असा पेटीतून आला.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. साहेब होण्यासाठी नव्हे. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात डॉक्टर एकमेकांशी बोलतात ते मराठी-इंग्रजी मिसळून, भरभर, तुटक. पेशंट 'रेफर' केला म्हणतात, म्हणजे नाशिकला न्यायचा. अंगणवाडीत बाळाचे वजन होते आणि आई ऐकते, 'पोर सॅममध्ये आहे' किंवा 'मॅममध्ये आहे.' हे इंग्रजीतल्या तीन-तीन शब्दांची पहिली अक्षरे जोडून केलेले शब्द. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम. एका अक्षराचा फरक, पण त्यावर पोराला उद्याच हलवायचे की घरी खाऊ घालून चालेल, हे ठरते. आईला हा फरक कोणी मराठीत समजावून सांगितला तर उत्तमच, आणि ते सांगणाऱ्याचे कर्तव्यच आहे. पण सांगणारा घाईत असतो, आणि कानाला सवय असली तर निदान 'काय म्हणालात?' असे विचारायचा धीर येतो.

भिवंडीच्या गोदामात किंवा मुंबईच्या बांधकामावर परप्रांतीय मुकादम हिंदी-इंग्रजीत भाव सांगतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत पस्तीस रुपयांचा फरक आहे. पुस्तकात दोन्ही स्पष्ट दिसतात; ऐकताना शेवटचा न विरून जातो. ओळखायचे कसे? फिफ्टीनमध्ये जोर शेवटच्या 'टीन'वर असतो, फिफ्टीमध्ये पहिल्या 'फिफ्'वर. तसेच 'कॅन' आणि 'कान्ट'. 'आय कॅन कम' हे बोलणारा 'आय क्न कम' असे म्हणतो, कॅन गिळून टाकतो. येता येत नसेल तर कान्टवर वजन देतो. आणि अमेरिकन माणूस तिथला शेवटचा ट सुद्धा खातो. म्हणजे 'नाही' चा शब्द शोधायचा नाही, वजन कुठे पडले ते ऐकायचे. आमच्या व्याकरणात हे कुठे लिहिले आहे?

याहून फसवी गोष्ट होकार-नकाराची. 'औषध घेतलं नाहीस ना?' असे विचारले तर आपण म्हणतो, 'हो, नाही घेतलं.' इंग्रजीत त्याच प्रश्नाला 'येस' म्हटले की त्याचा अर्थ 'घेतले' असा होतो. तिथे 'नो' म्हणायला हवे. मुलगा आपल्या रीतीने खरे बोलतो आणि समोरच्याला उलटे कळते. पुस्तकातून भाषांतर करणाऱ्या मुलाकडून ही चूक हमखास होते, कारण शब्द बरोबर असतात.

अदबीचेही तसेच. आपल्याकडे 'द्या' या एका क्रियापदात मान येतो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच 'यू', म्हणून मान दुसरीकडून आणावा लागतो: 'कुड यू', 'प्लीज', जरा आवाज खाली. आपल्या मुलाने मनात 'पाणी द्या' धरून इंग्रजीत 'गिव्ह मी वॉटर' म्हटले की ते हुकुमासारखे लागते. मुलगा उद्धट नसतो. त्याचा मान वाटेत सांडलेला असतो.

आता गुरुजींसाठी. डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे केले ते आपल्याला ठाऊक आहे. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी पोरे शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात नेली, आणि पोरांच्या तोंडची बोली वर्गात आणली. इंग्रजीशी त्याचा संबंध नाही असे वाटेल. पण ज्या पोराची घरची बोली वर्गात हसण्यावारी नेली, ते पोर तोंड मिटते. आणि तोंड मिटलेल्या पोराला तिसरी भाषा कोणीच बोलायला लावू शकत नाही. तेव्हा पहिला धडा फळ्यावर लिहूच नये. मुलांना विचारावे, घरी कोणकोणते इंग्रजी शब्द ऐकता? रेंज, चार्जिंग, मस्टर, लेट, फेल, रेफर, ॲडव्हान्स. दहा मिनिटांत पन्नास शब्द जमतील. वारली पोराला आणि शहरातून बदलून आलेल्या गुरुजींना ते सारखेच ठाऊक असतात, तिथे कोणी मागे नसतो. मग त्या शब्दांभोवती छोटे बोलणे गुंफावे. 'बस लेट?' 'येस, बस इज लेट.' 'हाऊ लेट?' 'टेन मिनिट्स.' लिहायचे नाही. आठवडाभर नुसते बोलायचे.

रेडिओ किंवा मोबाईलवरचा एखादा इंग्रजी संवाद लावला तर तो मिनिटाभराचा असावा, आणि तोच चार दिवस लावावा. पहिल्या दिवशी मुलांना फक्त विचारावे, किती माणसे बोलली? रागावून की हसून? दुसऱ्या दिवशी, कोणते शब्द ओळखीचे वाटले? अर्थ तिसऱ्या दिवशी. लिखाण शेवटी. सगळे कळलेच पाहिजे असा हट्ट धरला तर मुले ऐकणे सोडतात. आजी सुद्धा सरकारी कचेरीत सगळे ऐकत नाही. कामाचे तेवढे उचलते. गुरुजींनी आपला उच्चार सायबासारखा नाही म्हणून संकोच करू नये. मुंबईचा उच्चार, मद्रासचा उच्चार, सगळ्यांचा कारभार चालतो. संकोचाने गप्प राहणाऱ्या गुरुजींपेक्षा चुकतमाकत बोलणारे गुरुजी मुलांना अधिक देतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक लहानशी गोष्ट अजून, कारण ती मुले नेहमी विचारतात. दाभोसा धबधब्यावर शहरातली मंडळी येतात, वाट विचारतात, वाट दाखवली की 'थँक्यू' म्हणतात. त्यावर काय म्हणायचे? आपल्या बोलीत आभाराला उत्तर द्यायची चाल नाही; वाट दाखवली तर त्यात काय एवढे, म्हणून पोर मान खाली घालून उभे राहते. पुस्तकातले उत्तर 'यू आर वेलकम' असे आहे, ते चुकीचे नाही. पण बोलताना माणसे 'नो प्रॉब्लेम' म्हणतात, 'शुअर' म्हणतात, 'एनी टाईम' म्हणतात, आणि पुष्कळदा नुसते हसतात. यातले 'नो प्रॉब्लेम' आपल्या मुलांना आधीच येते. जव्हारच्या बस स्टँडवर ते रोज ऐकू येते.